सांगेल त्यावर विश्वास ठेवणारे जाळे : स्विचिंग, राउटिंग आणि त्यांवरील हल्ले

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत साठ-सत्तर विद्यार्थी एकाच वाय-फायला लॅपटॉप आणि मोबाइल जोडून बसलेले असतात, आणि त्यांच्या दृष्टीने ‘नेट’ ही एकच सलग गोष्ट असते. प्रत्यक्षात तिथे दोन वेगवेगळी कामे चाललेली असतात. पहिले काम जागेच्या आतले : या जाळ्यात कोणकोणती यंत्रे आहेत आणि त्यांतले कोणते यंत्र कुठल्या केबलच्या टोकाला आहे हे ओळखून माहिती नेमकी तिथेच पोचवणे. दुसरे काम जागेबाहेरचे : जगातल्या असंख्य जाळ्यांपैकी हव्या त्या जाळ्याकडे जाण्यासाठी पुढचे पाऊल कुठल्या दिशेने टाकायचे हे ठरवणे. पहिल्या कामाला स्विचिंग म्हणतात आणि दुसऱ्याला राउटिंग. या दोन्हींचे मूळ नियम ज्या काळात लिहिले गेले त्या काळी जाळ्यावरची यंत्रे मोजकी होती आणि ती चालवणारी माणसे बहुधा एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे यंत्राने स्वतःबद्दल जे सांगितले ते खरे मानावे, हे गृहीतक त्या नियमांत मुरले. जाळ्यांवरचे बहुतेक हल्ले समजून घेण्यासाठी हे एक गृहीतक नीट ध्यानात ठेवले तरी बरेच काम होते, कारण या लेखात येणारा जवळजवळ प्रत्येक हल्ला म्हणजे, जिथे कोणी पुरावा मागत नाही तिथे सांगितलेले एक खोटे वाक्य आहे.

आतले काम : स्विच शिकतो कसा

अभ्यासिकेच्या कोपऱ्यात भिंतीवर पत्र्याची एक छोटी रॅक असते आणि तिच्यात आठ, सोळा किंवा चोवीस पोर्टचा, म्हणजे केबल खोचण्याच्या तेवढ्या खाचांचा, स्विच असतो. केबलने जोडलेले संगणक, छताला लावलेले वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असे सगळे या स्विचवर येऊन मिळते. यांतल्या प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक अ‍ॅड्रेस असतो. त्यातले पहिले २४ बिट आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते आणि उरलेले कंपनी स्वतः भरते. हा क्रमांक कार्डावर कायमचा कोरलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र कुठल्याही लॅपटॉपवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तो काही सेकंदांत बदलता येतो, आणि आजकालचे मोबाइल तर गोपनीयतेसाठी आपण होऊनच प्रत्येक वाय-फायला वेगळा, यादृच्छिक मॅक अ‍ॅड्रेस सांगतात. म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस हे ओळखपत्र आहे असे धरून चालणेच चुकीचे आहे.

यंत्राने पाठवलेली माहिती ‘फ्रेम’ नावाच्या तुकड्यांत जाते. फ्रेमच्या सुरुवातीला ज्याच्याकडे ती जायची त्याचा मॅक अ‍ॅड्रेस असतो आणि लगेच पुढे पाठवणाऱ्याचा. स्विच विकत आणून लावला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसते. पाचव्या पोर्टवरून एखादी फ्रेम आली की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हे यंत्र पाचव्या पोर्टवर आहे’ अशी नोंद आपल्या टेबलमध्ये करतो. नंतर तो घेणाऱ्याचा पत्ता टेबलमध्ये शोधतो. तो सापडला तर फ्रेम फक्त त्याच पोर्टवर जाते. सापडला नाही तर आलेले पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर तिची प्रत जाते आणि ज्याची असेल तो ती उचलतो. बराच वेळ, पुष्कळ स्विचमध्ये पाच मिनिटे, एखाद्या यंत्राकडून काहीच आले नाही तर त्याची नोंद पुसली जाते. बस, एवढ्यावर स्विच चालतो. पूर्वीचे हब प्रत्येक फ्रेम सर्वांना देत असत, त्या मानाने ही मोठी सुधारणा होती, आणि शेजाऱ्याचे संभाषण आपल्या कानावर न पडणे हा तिच्यासोबत आलेला फायदा होता. पण स्विच बनवला गेला तो गर्दी कमी करण्यासाठी. गोपनीयता जपणे हा त्याचा मूळ उद्देश कधीच नव्हता आणि कोणी हल्ला करू लागले की ते लगेच जाणवते.

उदाहरणार्थ, टेबलमध्ये किती नोंदी मावतात याला मर्यादा असते. लहान कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या स्विचमध्ये ती साधारण आठ हजारांच्या आसपास असते. एखाद्याने आपल्या एकाच लॅपटॉपवरून दर सेकंदाला हजारो बनावट मॅक अ‍ॅड्रेस असलेल्या फ्रेम सोडल्या, तर स्विच प्रत्येक पत्त्याची इमानेइतबारे नोंद करत राहतो आणि टेबल पाहता पाहता भरून जाते. मग खऱ्या यंत्रांच्या नोंदींना जागा उरत नाही, अनोळखी पत्त्याच्या फ्रेम सगळीकडे पाठवण्याचा नियम लागू होतो, आणि हल्लेखोराला इतरांच्या फ्रेम आयत्या मिळू लागतात. यावरचा उपाय साधा आहे : एका पोर्टवर एक-दोनच मॅक अ‍ॅड्रेस चालतील अशी मर्यादा घालायची. पोर्ट सिक्युरिटी या नावाने ही सोय मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये जवळजवळ सर्वत्र असते.

दुसरी एक अडचण हल्लेखोराशिवायही उभी राहते. साफसफाई करताना लोंबकळणारी पॅच कॉर्ड दिसली आणि कोणी ती नीटनेटकेपणासाठी दोन्ही टोकांनी एकाच स्विचमध्ये खोचली, तर वर्तुळ तयार होते. इथरनेटच्या, म्हणजे केबलने जोडलेल्या या जाळ्याच्या, फ्रेमवर ‘आता पुरे’ असे सांगणारा कोणताही आकडा नसतो, त्यामुळे सर्वांसाठी सोडलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, तिच्या प्रती वाढतच जातात आणि काही क्षणांत सर्व पोर्टांचे दिवे एकसारखे लुकलुकू लागून अख्खे जाळे ठप्प होते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत असताना यावर तोड काढली. स्विचनी आपापसांत निरोप पाठवून एकाला मूळ म्हणून निवडावे, त्याच्यापर्यंत पोचणारा एकेकच मार्ग चालू ठेवावा आणि वर्तुळ तयार करणारी जोडणी तात्पुरती बंद करावी. स्पॅनिंग ट्री नावाची ही पद्धत १९९०मध्ये आयईईईचे प्रमाण झाली. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे, कारण इतक्या थोड्या नियमांत इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे कमी आहेत. तरीही तिच्यातही तेच गृहीतक आहे : ज्याचा आकडा सर्वांत लहान तो मूळ स्विच, आणि आकडा ज्याचा त्यानेच सांगायचा. एखाद्या लॅपटॉपने ‘माझा आकडा शून्य’ असे जाहीर केले तर स्विच त्याला मूळ मानून आपली वाहतूक त्याच्या दिशेने वळवू शकतात. म्हणून जिथे फक्त माणसांची यंत्रे जोडली जातात त्या पोर्टवर असा निरोप आला की ते पोर्टच बंद पडेल, अशी व्यवस्था करून ठेवावी लागते.

गेटवे कोण, हा प्रश्न आणि त्याचे खोटे उत्तर

जागेच्या आतल्या हल्ल्यांत सर्वाधिक समजून घेण्यासारखा हल्ला एआरपीचा आहे. लॅपटॉपला बाहेरच्या जगात काही पाठवायचे असेल तर ते आधी गेटवेकडे, म्हणजे अभ्यासिकेच्या राउटरकडे द्यावे लागते. लॅपटॉपला राउटरचा आयपी अ‍ॅड्रेस (जाळ्यातला क्रमांकरूपी पत्ता) माहीत असतो, समजा १९२.१६८.१.१, पण फ्रेमवर लिहायला मॅक अ‍ॅड्रेस लागतो. म्हणून तो संपूर्ण जाळ्याला उद्देशून विचारतो : १९२.१६८.१.१ कोणाचा आहे? राउटर उत्तर देतो : माझा, आणि हा माझा मॅक अ‍ॅड्रेस. लॅपटॉप हे उत्तर काही काळ आपल्याजवळ साठवून ठेवतो. एआरपी नावाचा हा प्रश्नोत्तरांचा नियम नोव्हेंबर १९८२मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही घराघरांत जसाच्या तसा चालतो.

या नियमात उत्तर देणाऱ्याची खातरजमा करण्याची तरतूदच नाही. कित्येक यंत्रे तर न विचारता आलेले उत्तरही स्वीकारतात आणि जुनी नोंद पुसून नवी लिहितात. त्यामुळे त्याच अभ्यासिकेत बसलेला कोणी एक जण आपल्या लॅपटॉपवरून शेजारच्या लॅपटॉपला ‘१९२.१६८.१.१ मीच आहे’ असे दर काही सेकंदांनी सांगत राहू शकतो, आणि राउटरला त्याच वेळी ‘तो शेजारचा लॅपटॉप मीच आहे’ असे सांगू शकतो. दोघेही विश्वास ठेवतात. मग शेजाऱ्याची जाणारी आणि येणारी सगळी वाहतूक या तिसऱ्याच्या हातून जाते, आणि तो ती पुढे पाठवत राहिल्यामुळे नेट थोडे मंदावल्यापलीकडे कोणाला काही जाणवत नाही.

हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एआरपी हा शब्द, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि ए हे अक्षर टाइप करून एंटर दाबले की लॅपटॉपने साठवलेली यादी समोर येते : डावीकडे आयपी अ‍ॅड्रेस, त्याच्या शेजारी बारा अंक-अक्षरांचा मॅक अ‍ॅड्रेस. गेटवेसमोरचा मॅक अ‍ॅड्रेस राउटरच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेल्या अ‍ॅड्रेसशी बहुतेक वेळा तंतोतंत किंवा शेवटचा एखादा अंक सोडून जुळतो. यादीत गेटवेचा मॅक अ‍ॅड्रेस आणि दुसऱ्या एखाद्या साध्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस एकच दिसत असेल, तर त्या जागी बँकेचे काम करू नये आणि व्यवस्थापकाला लगेच सांगावे.

वाहतूक मध्येच अडवली म्हणजे सगळे वाचता आले असे मात्र होत नाही. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसने चालतात आणि तिसऱ्याच्या हाती पडते ती कूटबद्ध माहिती. पासवर्ड किंवा संदेश त्याला थेट दिसत नाहीत. तरी कोण कुठल्या संकेतस्थळावर जाते हे त्याला बरेचदा कळते, निवडक वाहतूक तो अडवू शकतो, आणि ज्या यंत्रांची पाने अजून एचटीटीपीएसशिवाय चालतात, म्हणजे जुने प्रिंटर, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर आणि खुद्द राउटरची सेटिंगची पाने, त्यांचे पासवर्ड त्याला उघड वाचता येतात. शेवटचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, कारण राउटर हाती आला की पुढचे सगळे सोपे होते.

एआरपीच्याच जोडीला डीएचसीपी येते. नवीन यंत्र जाळ्यात आले की ते ‘मला कोणी आयपी अ‍ॅड्रेस देईल का’ असे विचारते आणि जो पहिला उत्तर देईल त्याचे बहुधा ऐकते. त्या उत्तरात आयपी अ‍ॅड्रेससोबत गेटवे कोणता आणि संकेतस्थळांची नावे कुठल्या डीएनएस सर्व्हरला विचारायची, हेही सांगितलेले असते. हल्लेखोराने खऱ्या सर्व्हरच्या आधी उत्तर दिले तर यंत्र स्वतःच्या हाताने आपली वाहतूक त्याच्याकडे सोपवते. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि छोट्या कार्यालयांमध्ये हा प्रकार बहुतेकदा अजाणतेपणी होतो. कोणी तरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये भिंतीतली केबल लावतो, तो राउटर सगळ्या मजल्यांना आयपी अ‍ॅड्रेस वाटू लागतो आणि अर्ध्या लोकांचे नेट बंद पडते. तक्रारी मात्र सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातात.

या दोन्हींवरचा उपाय एकमेकांत गुंतलेला आहे. डीएचसीपी स्नूपिंग चालू केले की स्विच फक्त एका ठरवलेल्या पोर्टवरून येणारी उत्तरे मान्य करतो आणि कोणाला कुठला आयपी अ‍ॅड्रेस मिळाला याची यादी ठेवतो; मग एआरपीची तपासणी चालू केली की प्रत्येक उत्तर तो त्या यादीशी ताडून पाहतो आणि खोटे उत्तर तिथेच टाकून देतो. म्हणजे जिथे पुरावा मागितला जात नव्हता तिथे तो मागायला सुरुवात होते. ही सोय असलेले स्विच पुष्कळ संस्थांनी आधीच विकत घेतलेले असतात, पण कारखान्यातून येताना ती बंद असते आणि कोणी ती चालू करत नाही, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. ज्यांच्याकडे साधा, सेटिंग नसलेला स्विच आहे त्यांनाही एक गोष्ट करता येते. अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या लॅपटॉपशी काहीच देणेघेणे नसते, सर्वांना फक्त बाहेर जायचे असते. तेव्हा अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू करावे. वाय-फायवरच्या यंत्रांमधला आपापसातला संवाद बंद होतो आणि त्या अ‍ॅक्सेस पॉइंटपुरता वर सांगितलेला हल्ला बहुतांशी थांबतो.

व्हीलॅनबद्दल थोडक्यात सांगायला हवे. एकाच स्विचवर कॅमेरे, कार्यालय आणि पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे ठेवायचे तर प्रत्येक फ्रेमवर गटाचा क्रमांक चिकटवता येतो. १९९८च्या प्रमाणानुसार हा क्रमांक १२ बिटांचा असल्याने ४,०९४ गट शक्य होतात. दोन क्रमांक एकावर एक चिकटवून भलत्या गटात शिरण्याची युक्ती जुनी आहे आणि ती टाळण्यासाठी स्विच-स्विचमधल्या जोडणीवरचा मूळ गट, म्हणजे क्रमांक न चिकटवता जाणाऱ्या फ्रेमचा गट, कोणत्याही कामासाठी न वापरणे पुरेसे असते.

मध्ये उभे राहून खोटे उत्तर देण्याची किंमत किती असू शकते हे पुण्याने ऑगस्ट २०१८मध्ये पाहिले आहे. कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्यात फसवले गेले ते इथरनेटचे जाळे नसून एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणारी संगणकव्यवस्था होती. हल्लेखोरांनी तिच्या जागी आपली बनावट व्यवस्था उभी केली, आणि खात्यात पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न बँकेपर्यंत न जाता वाटेतच ‘मंजूर’ असे उत्तर मिळू लागले. अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, पाठोपाठ परदेशी खात्यातही रक्कम वळवली गेली आणि एकूण आकडा ९४ कोटी रुपयांवर गेला.

बाहेरचे काम : पुढचे पाऊल कुठले

आता अभ्यासिकेच्या बाहेर पडू. मॅक अ‍ॅड्रेसवरून यंत्र जगात कुठे आहे हे कळत नाही, म्हणून बाहेरच्या प्रवासाला आयपी अ‍ॅड्रेस लागतो. जुन्या, अजूनही सर्वाधिक परिचित असलेल्या पद्धतीत तो ३२ बिटांचा असतो आणि त्यातून जवळपास ४३० कोटी पत्ते तयार होतात. एवढ्या पत्त्यांचे मार्ग एकेक करून कुठलाही राउटर लक्षात ठेवू शकत नाही. तो पत्त्यांच्या सुरुवातीच्या सामाईक भागावरून गट करून मार्ग लक्षात ठेवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड याच तत्त्वावर चालतो. सदाशिव पेठेच्या ४११०३० या क्रमांकातल्या पहिल्या ४ वरून महाराष्ट्र आणि शेजारचा प्रदेश कळतो, ४११ वरून पुणे कळते, आणि शेवटचे तीन अंक फक्त पुण्यात पत्र आल्यावर कामाला येतात. कोलकात्यात टपाल वेगळे करणाऱ्याला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच नसते.

राउटर याच रीतीने काम करतो, पण त्याचा एक नियम पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील, एक मोठ्या गटाची आणि दुसरी त्याच गटातल्या लहान गटाची, तर राउटर नेहमी लहान गटाची, म्हणजे अधिक नेमकी नोंद मानतो. ती नोंद कोणी केली, कधी केली, पटण्यासारखी आहे का, हे तो त्या वेळी पाहत नाही.

माहितीचे पॅकेट दिशा चुकून गोल गोल फिरू नये म्हणून त्यावर एक आकडा असतो, बहुधा ६४ किंवा १२८पासून सुरू होणारा; प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसराउट या साधनाने याच कळवण्याचा उपयोग करून घेतला आहे : आकडा मुद्दाम १, मग २, मग ३ असा ठेवून पॅकेट सोडत गेले की वाटेतले राउटर एकामागून एक आपला पत्ता सांगतात. पुण्यातून परदेशी सर्व्हरकडे ते चालवले तर पहिल्या ओळीत घरचा राउटर एक-दोन मिलिसेकंदांत दिसतो, पुढच्या ओळींत सेवा देणाऱ्या कंपनीचे राउटर, आणि बहुतेकदा मुंबई गाठल्यावर एका ओळीपासून पुढच्या ओळीत वेळ एकदम कितीतरी पटींनी वाढतो. ती उडी म्हणजे समुद्राखालची केबल, जी वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागते. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तेव्हा सात हजार किलोमीटरवरच्या लंडनला जाऊन यायला, वाट अगदी सरळ असती तरी, ७० मिलिसेकंद लागणारच. काही ओळींवर नुसते तारे दिसतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ते राउटर उत्तर देत नाहीत एवढेच.

एका संस्थेच्या आतले राउटर मार्ग ठरवण्यासाठी बहुधा ओएसपीएफ ही नियमावली वापरतात, ज्यात प्रत्येक राउटर संपूर्ण नकाशा तयार करतो आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो. या शेजाऱ्यांमध्ये पासवर्डची अट घातली नाही तर कोणीही शेजारी बनून खोटा नकाशा पसरवू शकतो. अट घालणे सोपे आहे, आणि संस्था स्वतःचीच असल्याने ती घालायला कोणाची परवानगीही लागत नाही.

संस्था-संस्थांमधला मार्ग

खरी गुंतागुंत संस्थांच्या सीमेवर आहे. इंटरनेट म्हणजे हजारो स्वायत्त जाळी : कंपन्या, विद्यापीठे, बँका, सेवा देणारे. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, आणि ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ किंवा ‘त्या पत्त्यांपर्यंत माझ्यामार्फत पोचता येते’ असे ती एकमेकांना बीजीपी या नियमावलीने सांगतात. जानेवारी १९८९मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन इथे एका बैठकीच्या वेळी अभियंत्यांनी जेवताना पेपर नॅपकिनवर तिचा पहिला आराखडा काढला. गरज तातडीची होती, वेळ कमी होता, आणि जे सांगितले जाते ते खरे आहे का हे तपासण्याचा प्रश्न मागे राहिला. आज अशा रीतीने जाहीर झालेल्या मार्गांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. ऑगस्ट २०१४मध्ये ती पाच लाख बारा हजारांच्या पलीकडे गेली तेव्हा कित्येक जुन्या राउटरची स्मृती भरली आणि जगभर ठिकठिकाणी सेवा अडखळली.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी घडलेला प्रकार नीट पाहण्यासारखा आहे. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला होता. यूट्यूब त्या वेळी जगाला २०८.६५.१५२.० पासूनच्या १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर करत होते. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातल्याच २५६ पत्त्यांच्या लहान गटासाठी आपल्या राउटरवर एक आडमार्ग घातला, ज्यावर गेलेली वाहतूक नाहीशी व्हावी. तो मार्ग देशातच राहायला हवा होता. पण तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या वरच्या सेवादात्याकडे पोचला, त्याने तो न तपासता मान्य केला आणि जगाकडे पाठवला. अधिक नेमकी नोंद नेहमी वरचढ ठरते या नियमामुळे काही मिनिटांत जगाच्या मोठ्या भागातली यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानच्या दिशेने वळली आणि तिथे नाहीशी झाली. यूट्यूबने स्वतः त्याच २५६ पत्त्यांचा आणि मग त्याहून लहान गट जाहीर करून प्रत्युत्तर दिले, आणि सुमारे दोन तासांनी सेवा पूर्ववत झाली. इथे कोणी यूट्यूबचा एकही सर्व्हर फोडला नव्हता.

हेच जाणूनबुजून केले तर काय होते ते २४ एप्रिल २०१८ रोजी दिसले. अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस सेवेचे काही पत्ते आपलेच असल्याचे अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका जाळ्यातून जाहीर झाले. त्यामुळे मायईथरवॉलेट या संकेतस्थळाचा पत्ता विचारणाऱ्या काही लोकांना बनावट सर्व्हरचा पत्ता मिळाला आणि सुमारे दीड लाख डॉलर किमतीचे आभासी चलन चोरीला गेले. त्या बनावट पानावर ब्राउझरने प्रमाणपत्र विश्वासार्ह नसल्याची सूचना दाखवली होती. ज्यांचे पैसे गेले त्यांनी ती ओलांडून पुढे जाणे पसंत केले होते. ही एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो : वाट कोणीही वळवलेली असो, ब्राउझरची ती सूचना हा बहुधा तुमच्या हातातला शेवटचा पुरावा असतो, तेव्हा तिथून मागे फिरावे.

या गोंधळावरचा उपाय आरपीकेआय या नावाने उपलब्ध आहे. ज्याला पत्ते दिले गेले त्याने ‘माझे हे पत्ते फक्त अमुक क्रमांकाचे जाळे जाहीर करू शकते’ असे सहीनिशी लिहून द्यायचे. सही गणिताने तपासता येते, आणि ज्या जाळ्यांनी ही तपासणी चालू केली आहे त्यांचे राउटर विसंगत मार्ग नाकारतात. भारतात पत्ते देण्याचे काम निक्सीच्या, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या, छत्राखालची आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था करते, आणि तिचे सदस्य असे प्रमाणपत्र करून घेऊ शकतात. २०२४मध्ये जगातल्या जुन्या, ३२ बिटांच्या पत्त्यांच्या मार्गांपैकी निम्म्याहून अधिक मार्गांना असे संरक्षण मिळालेले होते, ही समाधानाची बाब आहे. मात्र ही व्यवस्थाही शेवटी ज्या खात्यातून चालवली जाते त्या खात्याइतकीच पक्की असते. ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज या कंपनीच्या स्पेनमधल्या शाखेचे युरोपीय नोंदणी संस्थेकडचे खाते एकाने चोरलेल्या, अगदीच कमकुवत पासवर्डने उघडले. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू नव्हती. त्याने प्रमाणपत्रांतले क्रमांक बदलले, जगातल्या राउटरनी ऑरेंजचे स्वतःचे खरे मार्ग नाकारले आणि तिथल्या ग्राहकांची सेवा काही तास कोलमडली.

पुण्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे, रुग्णालयांकडे किंवा कंपन्यांकडे स्वतःचे आयपी अ‍ॅड्रेस आणि स्वतःचा जाळे-क्रमांक आहे, त्यांनी प्रमाणपत्र करताना एक बारकावा पाळायला हवा. प्रमाणपत्रात कमाल लांबी नावाचा रकाना असतो आणि पुढे सोयीचे पडेल म्हणून तिथे २४, म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट सामाईक असलेला २५६ पत्त्यांचा गट, लिहिण्याचा मोह होतो. समजा संस्थेकडे १,०२४ पत्त्यांचा गट आहे आणि ती तो एकसंधच जाहीर करते. रकान्यात २४ लिहिले की त्यातले २५६ पत्त्यांचे लहान गटही वैध ठरतात. मग हल्लेखोर ‘या २५६ पत्त्यांचा उगम त्या संस्थेतच आहे आणि वाट माझ्यावरून जाते’ असे जाहीर करू शकतो. उगमाचा क्रमांक बरोबर असल्याने सही जुळते, गट लहान असल्याने तोच मार्ग निवडला जातो, आणि वाट खरी आहे का हे आजची तपासणी पाहत नाही. कोणत्या जाळ्याचा वरचा सेवादाता कोण याच्या सहीच्या नोंदींवरून वाटही तपासणारी एएसपीए ही पद्धत अजून घडते आहे. तोवर आपण प्रत्यक्षात जेवढा गट जाहीर करतो नेमक्या तेवढ्याचेच प्रमाणपत्र करावे, कमाल लांबीचा रकाना त्याच आकड्यावर ठेवावा आणि नोंदणी संस्थेच्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आजच लावून घ्यावी.